पिवळट पडलेला रुपया खोटा नसतो: युद्धकाळातली चांदीची नाणी ओळखताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हा आजीची फणसाच्या लाकडाची पेटी सापडली आणि तिच्यात चाळीसेक नाणी निघाली. गावातल्या सराफाने राणीछाप रुपये बाजूला काढले आणि १९४२ ते १९४५ चे पिवळट दिसणारे रुपये "मुलाम्याचे, खोटे" म्हणून परत केले. एक वाघाचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, तोही खोटाच ठरला. तुम्ही स्वतः हौसेने आठवडा बाजारात एक १९३९ चा रुपया घेतला आहे, त्याची आता धास्ती वाटते. शिवाय पेटीत एका जाड बाईचं चित्र असलेलं, १७८० साल लिहिलेलं भलंमोठं नाणं आहे. यातलं खरं काय, खोटं काय?

मी तीसेक वर्षं नाणी जमवतो. त्याआधी कॅशियरच्या खिडकीत बसून नोटा-नाणी मोजण्यातच दिवस गेले, त्यामुळे बोटांना थोडी सवय आहे. पण आधी एक कबुली देतो. माझ्या संग्रहात १९४५ चा एक रुपया आहे, त्याच्या कडेवर कानशीने पाडलेली खोल खाच आहे. ती मीच पाडली. रुपया गालापाशी तांबूस दिसत होता, मला वाटलं आत तांबं आणि वर पाणी दिलेलं. कानस मारली तर आतही तसाच फिकट पिवळा धातू, शेवटपर्यंत एकसारखा. नाणं अस्सल होतं. तुमच्या सराफाने केलेली चूक मीही केलेली आहे, म्हणून त्याला फार बोलत नाही.

आता हे पिवळेपण येतं कुठून ते बघा. १९३९ पर्यंतचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा, वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन किंवा ११.६६ ग्रॅम. आपल्याकडे तोळ्याला जुन्या रुपयाचं वजन मानायची रीत होती ती यामुळेच. दुसरं महायुद्ध पेटलं, १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरात कोंबायला सुरुवात केली. जूनमध्ये सरकारला गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरवावा लागला आणि ऑगस्टमध्ये एक रुपयाची नोट बाहेर आली. मुंबईच्या गिरण्यांतून गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी त्या काळात काय केलं असेल, ते तुमच्या आजीच्या पेटीकडे बघून कळतंच. त्याच वर्षी नाण्यांचा कस उतरवला. नव्या मिश्रणात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन मात्र तेच, ११.६६ ग्रॅम. आधी पावली (चार आणे), मग अधेली (आठ आणे) आणि शेवटी रुपया अशा क्रमाने हा बदल झाला. पाठोपाठ १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया राणीचे, सातव्या एडवर्डचे आणि मग पाचव्या जॉर्जचे जुन्या कसाचे रुपये एकेक करून चलनातून बाद केले गेले.

अर्ध्या तांब्याचं नाणं टांकसाळीतून पांढरंशुभ्र कसं निघतं? ठसा मारण्याआधी चकती तापवून आम्लात धुतात, त्यात वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि चांदीची पातळ साय मागे राहते. नवं नाणं म्हणून चकचकीत दिसतं. बरीच वर्षं हातोहात फिरलं की उंच भाग आधी झिजतात, म्हणजे राजाचा गाल, कानाची पाळी, मुकुटाची कड, आणि तिथे खालचा पिवळट धातू डोकावू लागतो. अगदी मुलामा उडाल्यासारखं दिसतं. फरक एवढाच की मुलाम्याच्या नाण्यात दोन धातूंमधली सीमा स्पष्ट असते, कडेला पापुद्रा सुटल्यासारखी. अर्ध्या चांदीच्या नाण्यात रंग हळूहळू बदलतो, कुठून सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. दहापट दिसणाऱ्या भिंगाखाली हे दोन मिनिटांत कळतं.

दरवर्षी लक्ष्मीपूजनाला पेटीतली नाणी काढून आमसुलाच्या पाण्याने नाहीतर चिंचेने घासायची आपली रीत आहे. त्याने ही साय आणखी लवकर जाते. घासून घासून तांबूस केलेला १९४४ चा रुपया मी कितीतरी घरांत पाहिला आहे. पूजा करा, हळदकुंकू वाहा, पण घासू नका.

म्हणून नाणं हातात आलं की मी चमक शेवटी बघतो. आधी वर्ष, मग कड, मग वजन.

वर्षावरून त्यात चांदी किती असायला हवी ते ठरतं. १९४० च्या पावली-अधेलीबाबत मात्र आकड्यावरून अंदाज बांधू नका, तो बदलाच्या उंबरठ्यावरचा काळ आहे. खाली पाण्यात तोलायची रीत सांगितली आहे, ती वापरा.

कड ही खोट्या नाण्याची सगळ्यात दुबळी जागा. जुन्या रुपयाची कड साधी दातेरी. युद्धकाळात बनावट नाण्यांचा सुळसुळाट होईल या भीतीने नव्या रुपयाला वेगळी कड दिली गेली: दोन्ही बाजूंना दाते आणि त्यांच्या मधोमध खाचेतून फिरणारी बारीक नक्षी. पावली-अधेलीत सुरुवातीची काही वर्षं अर्धी चांदी असूनही कड साधीच राहिली, तेव्हा तिथे फक्त कडेवरून निकाल देऊ नका. रुपयाच्या बाबतीत मात्र ही मधली खाच फार उपयोगी आहे. भट्टीत ओतून केलेल्या नाण्यात ती कधीच नीट उतरत नाही. कुठे भरलेली, कुठे तुटलेली, कुठे कानशीने कोरल्यासारखी दिसते. ओतीव नाणं दोन भागांच्या साच्यात तयार होतं, म्हणून कडेभोवती एक बारीक शिवण राहते. ती घासून काढली तर तिथले दाते बोथट होतात. नाणं दोन बोटांत धरून उन्हात सावकाश फिरवा, दाते कुठे अचानक गुळगुळीत झाले का ते बघा. खोटेपणा उघडा पडतो तो बहुतेक वेळा इथेच.

पृष्ठभागही सांगतो. ठशाने दाबलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, मोकळ्या जागेतला धातू दाबाने बाहेरच्या दिशेला वाहिल्यासारखा दिसतो, आणि न झिजलेलं नाणं प्रकाशात हलवलं की झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ओतीव नाण्यावर अक्षरं साबणावर कोरल्यासारखी गोलसर, आणि मोकळ्या जागेत बारीक खड्डे व पुटकुळ्या. शिवाय धातू थंड होताना आकसतो, म्हणून खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेली नक्कल थोडी लहान निघते. रुपयाचा व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर असतो. व्हर्निअर कॅलिपर लावला आणि २९.९ आलं, तर जाडी आणि वजनाकडे संशयाने बघायला लागा.

वाजवून बघायचं म्हणाल, तर आमच्या गावची एक म्हातारी नाणं नुसतं पाटावर टाकून सांगायची, "ह्यो रुपयो बद्द वाजता." तिचं चुकायचं नाही, कारण तिच्या काळातली खोटी नाणी बहुतेक शिसं-कथलाची होती आणि ती बद्दच वाजतात. पण तांबं-निकेल-जस्ताचं जर्मन सिल्व्हर खणखणीत वाजतं. (आपण ज्याला जर्मनचं भांडं म्हणतो ते ॲल्युमिनियम, त्याचा याच्याशी संबंध नाही.) उलट खरं नाणंही बद्द वाजू शकतं, जर त्याला चीर असेल किंवा कधीकाळी माळेत ओवायला कडी जोडली असेल. आपल्याकडच्या जुन्या रुपयांपैकी बरेच माळेत, बटणांत किंवा देवाच्या रूपावर जाऊन आलेले असतात. काठाला, बारा वाजताच्या जागी, डाग दिल्याची खूण दिसते का ते आधी पाहा. तेव्हा वाजवून शिसं पकडता येतं, बाकी फारसं काही नाही.

आता मुख्य परीक्षा, वजन आणि पाण्यातलं वजन. यासाठी सराफाकडे जायची गरज नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा घ्या. आधी कोरडं नाणं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि शिवणाच्या दोऱ्याला बांधलेलं नाणं पेल्याच्या तळाला किंवा भिंतीला न टेकता पूर्ण बुडेल असं लटकवा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे नक्षीत हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. आता काट्यावर जो आकडा दिसतो त्याने कोरड्या वजनाला भागा. आलेला आकडा म्हणजे घनता.

९१.७ टक्के चांदीच्या रुपयाची घनता साधारण १०.३ येते, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला पाण्यात १.१३ दिसेल. अर्ध्या चांदीच्या रुपयाची साधारण ९.५, म्हणजे १.२२ किंवा १.२३. जर्मन सिल्व्हर ८.६ ते ८.८ च्या आसपास, पितळ त्याहून किंचित खाली. काट्याच्या शेवटच्या आकड्यात एकाचा फरक पडला तर घनता जेमतेम ०.१ ने हलते, त्यामुळे १०.३ आणि ९.५ मध्ये गल्लत होत नाही. पावलीसारख्या लहान नाण्यात (२.९२ ग्रॅम) मात्र हाच फरक मोठा होतो. तिथे चार-पाच वेळा तोलून सरासरी घ्या, किंवा एका वर्षाच्या तीन-चार पावल्या एकत्र बांधा.

यात एक पळवाट आहे. शिसं चांदीहून जड आणि कथिल हलकं, दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर घनता बरोबर १०.३ आणता येते. पण असं नाणं मऊ असतं, कोऱ्या कागदावर कड ओढली तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते, आणि ते बद्द वाजतं. म्हातारीचा पाट इथे पुन्हा कामाला येतो.

वजन थोडं कमी भरलं म्हणून लगेच घाबरू नका. १९०६ च्या नाणे कायद्यातच दोन टक्क्यांपर्यंतची झीज चालवून घेतली होती, म्हणजे ११.४३ ग्रॅमचा रुपयाही तेव्हा चालायचा. त्यानंतरही बरीच वर्षं पेटीत, माळेत, हातांत गेली आहेत. ११.३ चा झिजलेला रुपया मला खुपत नाही. खुपतो तो नक्षी टवटवीत असलेला आणि ११.१ भरणारा.

हॉलमार्क केंद्रांत आणि मोठ्या सराफांकडे आता क्ष-किरणांचं यंत्र असतं, नाणं खाली ठेवलं की टक्केवारी छापून देतं. चांगली सोय आहे, पण ते वरच्या थरापुरतंच बोलतं. म्हणून न झिजलेल्या १९४३ च्या रुपयाला ते ५० ऐवजी बरीच जास्त चांदी दाखवेल, आणि जाड मुलाम्याच्या खोट्या नाण्यालाही पास करू शकेल. त्याचा कागद हातात आला तरी पाण्यातलं वजन करा. कसोटीवर घासून आम्ल टाकणं मात्र नाही म्हणून सांगा. सराफाला वितळवायचंच असतं, त्याला ओरखड्याचं काही वाटत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने त्या ओरखड्याने नाण्याची निम्मी किंमत गेली.

आता तुमच्या नाण्यांकडे वळू.

वाघाचा रुपया १९४७ चा. तो चिकटणारच, कारण शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल लोहचुंबकाकडे ओढलं जातं. १९४६-४७ च्या वाघाच्या अधेल्या आणि पावल्याही तशाच. त्यात चांदी नाही, पण नाणं अस्सल. उलट १९४५ किंवा त्याआधीचा चांदीचा रुपया चुंबकाला चिकटला, तर मात्र आत लोखंड आहे असं धरा. पेटीत १९४२ ते ४५ ची पिवळी पितळी एक-दोन आण्याची नाणी आणि १९४३ नंतरचा भोकाचा पैसा असेल, तर तेही युद्धाचेच अवशेष. निकेल आणि तांबं वाचवण्यासाठी केलेले. त्यांना फारसं कोणी खोटं करत नाही.

१९४४ आणि १९४५ च्या रुपयांवर मागच्या बाजूला, साल आणि फुलाच्या खाली, भिंगाने खूण शोधा. टिंब असेल तर मुंबईची टांकसाळ, इंग्रजी 'एल' असेल तर लाहोर. लाहोरची टांकसाळ युद्धाच्या गरजेपोटी १९४३ मध्ये सुरू झाली. फाळणीनंतर तिथून येणं-जाणंच थांबलं, म्हणून अशा नाण्यांचं मला वेगळं अप्रूप वाटतं. बाजारभाव मात्र साल आणि झीज बघूनच ठरतो.

तुमचा १९३९ चा रुपया ही खरी डोकेदुखी. तो दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याच्या नकला जास्त. पाण्यात तोलून ९.५ आलं, तर एखाद्या नंतरच्या रुपयावर किंवा तशाच मिश्रणावर कारागिरी केली आहे असं समजा. ८.७ आलं तर जर्मन सिल्व्हर. १०.३ आलं तरी सुटकेचा श्वास टाकू नका, कारण सगळ्यात चलाख नक्कल १९३८ च्या अस्सल रुपयाच्या शेवटच्या ८ चा ९ करून होते. धातू खरा, वजन खरं, कड खरी, आवाज खरा, फक्त एक आकडा खोटा. इथे भिंग लागतं. तुमच्या नाण्यावर नऊ दोनदा आहे, दुसरा आकडा आणि चौथा. दोन्ही एकाच हाताचे दिसायला हवेत: पोटाचा गोल, शेपटीचं वळण, जाडी. मग चौथ्या आकड्याच्या खाली डावीकडे बघा, आठाचा खालचा गोल तोडला असेल तर तिथली जमीन आजूबाजूपेक्षा किंचित खोल किंवा जास्त गुळगुळीत असते. प्रकाश एका बाजूने, अगदी आडवा टाका. मोबाइलची बॅटरी टेबलाला समांतर धरली तरी पुरते. मी स्वतः असा एक रुपया सुरुवातीच्या काळात घेऊन बसलो होतो, आणि तीन महिने तो सगळ्यांना अभिमानाने दाखवत होतो.

पहिल्या महायुद्धातले, १९१४ ते १९१८ चे पाचव्या जॉर्जचे रुपये तुमच्याकडे असतील तर त्यात पूर्ण ९१.७ टक्के चांदी आहे. त्या युद्धातही रुपयांची इतकी टंचाई झाली की १९१७ अखेर एक रुपयाची नोट काढावी लागली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत भारताच्या रुपयांसाठी आली. त्याच टंचाईत १९१९ मध्ये चांदीऐवजी निकेल मिश्रणाची अधेली निघाली. तिच्या इतक्या नकला झाल्या की सरकारला ती काही वर्षांतच मागे घ्यावी लागली. पेटीत अशी अधेली असेल तर तिच्यात चांदी शोधू नका, आणि ती त्या काळचीच नक्कल निघाली तरी टाकू नका. माझ्याकडे अशा दोन आहेत आणि मला त्या खऱ्यांपेक्षा प्रिय आहेत.

एक गोष्ट आपल्या किनाऱ्याची. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या पेट्यांत गोव्याचे पोर्तुगीज रुपये हमखास मिसळलेले असतात. १९३५ चा ९१.७ टक्के चांदीचा आणि १९४७ चा ५० टक्के चांदीचा, दोन्ही १२ ग्रॅमचे. आपल्या रुपयापेक्षा वजन जास्त भरलं म्हणून कुणी त्यांना खोटं ठरवू नये.

आणि ते १७८० चं जाड बाईचं नाणं. ती ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा. तिच्या मृत्यूचं साल त्यावर कायमचं गोठलं आणि नंतर ते नाणं निरनिराळ्या टांकसाळींत त्याच सालाने पाडलं जात राहिलं, कारण एडन, येमेन, इथिओपिया या भागात लोक दुसरं नाणं घ्यायलाच तयार नसत. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ मध्ये, ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं. तुमच्या घरातलं कुणी गलबतावर तांडेल किंवा खलाशी होतं का, ते विचारून बघा. आखाताकडे जाणाऱ्यांच्या कमरेच्या पैशाच्या पिशवीत हे नाणं असायचं. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के, पाण्यात तोलून घनता साधारण १०.१ ते १०.२ यायला हवी. याच्या कडेवर दाते नाहीत, उठावाची लॅटिन अक्षरं आहेत, 'युस्टिटिया एट क्लेमेन्टिया', न्याय आणि दया. ओतीव नकलेत ही अक्षरं पुसट किंवा अजिबात नसतात. १७८० सालावरून ते अडीचशे वर्षांचं आहे असं सांगून कुणी मोठी किंमत मागितली किंवा दिली, तर दोन्हीकडे सावध राहा.

शेवटचं, कायद्याचं. ही नाणी पेटीत मिळाली तोवर ठीक. पण दुरुस्तीत जोतं खोदताना जमिनीतून काही निघालं, तर १८७८ चा गुप्तधन कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पेटीतली नाणी सध्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, तिचा चिकट हिरवट थर नाण्यावर बसतो. पावसाळ्याआधी प्रत्येक नाणं वेगळं, कोरड्या जाड कागदाच्या पाकिटात घाला, पाकिटावर वर्ष, वजन आणि पाण्यातला आकडा पेन्सिलीने लिहा, आणि सराफाने परत केलेले ते पिवळट रुपये सगळ्यात आधी तोला.